भाष्यकाराचे ‘आपण’

आंतरराष्ट्रीय राजकारणावरील दूरचित्रवाणी-भाष्याची चर्चा निघाली की वॉल्टर क्रॉन्काइट यांचा दाखला हटकून दिला जातो. टेट चढाईनंतर ते स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि २७ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी सीबीएसवर सांगितले, की युद्ध कोंडीत सापडले आहे. वाटाघाटी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. सरकार विजयाची ग्वाही देत असताना एवढे बोलायलाही धैर्य लागते. शिवाय समारोप हे आपले व्यक्तिगत मत आहे, असे बजावण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता.

पण धैर्य वेगळे आणि युक्तिवाद वेगळा. युद्ध का थांबवावे? तर ते जिंकता येत नाही म्हणून. लोकशाहीच्या रक्षणाचे वचन सन्मान्य माणसांप्रमाणे पाळले, जमेल तेवढे केले, आता बोलणी करावी, असा त्यांचा निष्कर्ष. हे वचन मात्र त्यांनी तपासले नाही. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेने १९५६ मध्ये सबंध व्हिएतनामात निवडणुका घ्यायचे ठरवले होते. दक्षिणेतील दिएम सरकारने त्या नाकारल्या आणि अमेरिकेने त्याच सरकारला पाठबळ दिले. मग रक्षण कोणत्या लोकशाहीचे? क्रॉन्काइट यांनी यशापयशाचा प्रश्न विचारला. न्यायाचा विचारला नाही.

खरी मेख त्यांच्या सर्वनामात आहे. इंग्रजीत एकाच शब्दाने भागते. मराठीत ‘आपण’ की ‘आम्ही’, हे ठरवावे लागते. त्यांच्या ‘आपण’मध्ये राज्यकर्ता, प्रेक्षक आणि मरणारा शिपाई एकाच पंगतीला बसतात. पंगतीबाहेर कोण राहतो, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

हे ‘आपण’ मार्टिन ल्यूथर किंग यांनी आधीच फोडले होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते म्हणाले, की काळी-गोरी पोरे एकत्र मारतात, एकत्र मरतात. पण हेच राष्ट्र त्यांना एका शाळेत बसवू शकलेले नाही. गरिबी हटविण्याचा पैसा युद्ध गिळते आहे. शत्रू ठरविलेल्या व्हिएतनामी माणसाला हे सारे कसे दिसत असेल, हेही त्यांनी १९४५ पासूनचा इतिहास सांगत मांडले. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी अग्रलेखांतून त्यांनाच दोषी धरले. युद्ध आणि नागरी हक्क यांची सांगड घालू नये, हा टाइम्सचा उपदेश. प्रस्थापिताची शंका समतोल ठरते. तळातून आलेला हिशेब मात्र गल्लत ठरतो.

परराष्ट्र धोरण हा आपला विषय नव्हे, असे आपल्यातही काहींना वाटते. १९५१ साली मंत्रिपद सोडताना बाबासाहेबांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी त्या निवेदनात मांडला होता.

आजही पडद्यावरचा भाष्यकार ‘आपण’ म्हणतो. त्या शब्दात कोणाकोणाला धरले आहे आणि किंमत कोण मोजणार आहे, हे त्याला आधी विचारले पाहिजे.