धुराड्यावर मोजले, विहिरीत कोण मोजणार?

जालना जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही मुदत संपलेल्या कीटकनाशकांविषयी बोलत होतो. घनसावंगीकडच्या एका गुरुजींनी विचारले, "भोपाळचा विषारी कचरा जाळून संपला, असे वाचले. मग तो प्रश्न मिटला, असे मुलांना सांगायचे का?" आम्हांला चटकन 'हो' म्हणता आले नाही. का, ते येथे मांडतो.

युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यात 'सेव्हिन' हे कीटकनाशक तयार होत असे. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री झालेली वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. तिच्याआधीच सुरू झालेली जमिनीतली गळती मात्र फारशी ठाऊक नसते. कारखान्यातील टाकाऊ रसायने आवारातच टाकली जात. सांडपाणी आवाराबाहेरील तळ्यांत उन्हाने आटण्यासाठी सोडले जाई. पुढे त्या तळ्यांतला गाळ एकत्र करून मातीखाली पुरण्यात आला.

आवारातून गोळा करून ठेवलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये सुमारे 250 किलोमीटरवरील पिथमपूरला नेण्यात आला. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. भट्टीत कचरा घालण्याचा वेग तासाला 135, 180 आणि 270 किलो असा वाढवत नेला. जूनअखेर सारा कचरा जळाला आणि उत्सर्जन 'मर्यादेत' असल्याचे जाहीर झाले.

चाचण्या घेऊन वेग हळूहळू वाढवला, हे योग्यच झाले. पण 'मर्यादेत' हा आम्हा शास्त्रज्ञांचा आवडता शब्द जरा तपासून घ्यायला हवा.

क्लोरीन असलेले पदार्थ जाळताना डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. धुराड्यातील वायूत त्यांची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायॉक्साइड यांचे आकडे धुराड्यावरील उपकरणे सतत देतात. डायॉक्सिनचे तसे नाही. काही तास नमुना घ्यावा लागतो, तो प्रयोगशाळेत जातो आणि निष्कर्ष दिवसांनी हाती येतो. तोवर भट्टीतला कचरा जळून गेलेला असतो. असा निष्कर्ष त्या काही तासांपुरताच खरा. त्यावरून साऱ्या दिवसांचा निर्वाळा देणे म्हणजे एका चाचणी परीक्षेवरून वर्षाचे प्रगतिपुस्तक भरणे होय.

दुसरी गोष्ट राखेची. पारा, शिसे ही मूलद्रव्ये आहेत; जाळून ती नष्ट होत नाहीत. पारा वाफ होऊन वायूबरोबर जाऊ पाहतो, शिसे बरेचसे राखेत उरते. भट्टीत चुन्यासारखे पदार्थ मिसळावे लागल्याने 337 टनांतून 800 टनांहून अधिक अवशेष उरले. म्हणजे देखरेखीचे काम भट्टी विझल्यावर संपत नाही. राख जिथे ठेवली जाईल तिथे ते अनेक वर्षे चालवावे लागते.

न्यूझीलंडमधील मापुआ या गावी जुन्या कीटकनाशक कारखान्याची दूषित जमीन 2004 ते 2007 या काळात खणून स्वच्छ करण्यात आली. तेथील संसदेच्या पर्यावरण आयुक्तांनी 2008 मध्ये हवेच्या मोजमापातील उणिवा दाखवून दिल्या. पण तोवर काम संपले होते. न मोजलेली हवा मागाहून मोजता येत नाही.

आमचा मुख्य आक्षेप मात्र जमिनीविषयी आहे. नागपूरची 'नीरी' आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी 2010 मध्ये भोपाळच्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन असा दिला होता. गोळा केलेला कचरा आणि माती सारखीच विषारी नाहीत, हे मान्य. तरी 337 टन म्हणजे त्या मातीच्या दहा हजारांत तीन भाग!

काळी चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, असा युक्तिवाद अशा वेळी होतो. ओल्या मातीबाबत तो बराचसा खराही आहे. पण वैशाखात जालन्याच्या काळ्या रानातून चाललेल्या माणसाला तो पटेल का? हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि वळवाचा पहिला पाऊस त्यांतूनच खाली उतरतो. 2018 मध्ये लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीत कारखान्याभोवतीच्या 42 वस्त्यांचे भूजल दूषित आढळले. म्हणून अशा जागेच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला निरीक्षण-विहिरी हव्यात. त्यांतले पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, दरवर्षी तपासले पाहिजे आणि आकडे वस्तीतल्या फलकावर लागले पाहिजेत.

गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले, की कचरा जळाला हे मुलांना जरूर सांगा. पाण्याचा हिशेब अजून बाकी आहे, हेही सांगा. आणि घरी आढ्याला अडकवलेल्या जुन्या फवारणीच्या डब्याला आपण 'औषध' का म्हणतो, हेही एकदा वर्गात विचारा.