शर्ली कॉलिन्स: गाण्याआड राहणारी गायिका

शर्ली कॉलिन्स यांचे नाव निघाले की पाठोपाठ त्यांच्या हरवलेल्या आवाजाची हकीगत येतेच. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे दुसरे लग्न मोडले, त्या धक्क्याने रंगमंचावर उभे राहिल्यावर गळ्यातून स्वर उमटेनासा झाला आणि इंग्लंडच्या लोकगीत-पुनरुज्जीवनातली ही अग्रगण्य गायिका तीसहून अधिक वर्षे गाण्यापासून दूर राहिली. 2014 साली लंडनच्या युनियन चॅपलमध्ये त्या पुन्हा गायल्या आणि 2016 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांचा ‘लोडस्टार’ हा गीतसंग्रह आला. त्याआधीचा संग्रह 1978 चा होता. या हकीगतीत खोटे काहीच नाही आणि ती मनाला भिडतेही. पण तिने एक मोठे नुकसान केले आहे. कॉलिन्स यांच्याभोवती जमलेला निष्ठावान रसिकांचा पंथ त्यांच्या दुःखावर जितके प्रेम करतो, तितका त्यांच्या गाण्यामागच्या विचाराकडे पाहत नाही. लोकगीत कसे गावे याविषयी त्यांनी एक ठाम भूमिका घेतली आणि आयुष्यभर निभावली. त्यांचे खरे कर्तृत्व तिथे आहे.

या भूमिकेची मुळे दोन ठिकाणी आहेत. कॉलिन्स यांचा जन्म 1935 चा, ससेक्समधल्या हेस्टिंग्जचा, कामकरी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी आसऱ्याला बसल्यावर आजी-आजोबा गाणी म्हणत, ती त्यांच्या कानावर पडली. दुसरे मूळ अमेरिकेत सापडते. लोकसंगीताचे संकलक ॲलन लोमॅक्स यांच्याबरोबर 1959 साली त्या अमेरिकेच्या दक्षिण भागात ध्वनिमुद्रणाच्या दौऱ्यावर गेल्या. मिसिसिपीतल्या कोमो गावी फ्रेड मॅकडॉवेल या शेतकऱ्याचे गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले ते याच दौऱ्यात. आर्कान्सामधल्या अल्मेडा रिडल यांच्यासारख्या, शेकडो वर्षांची कथागीते मुखोद्गत असलेल्या गायिकांची गाणीही याच दौऱ्यात टिपली गेली. लोमॅक्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात कॉलिन्स यांचा उल्लेख जाता जाता केला. 2004 साली कॉलिन्स यांनी स्वतःचे पुस्तक लिहून त्या प्रवासातला आपला वाटा नोंदवला, आणि ते योग्यच झाले. पण श्रेयाच्या वादापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी तिथे ऐकलेली गायकी. खून, बालमृत्यू, दगाफटका अशा भयंकर कथा गाताना या गायिका चेहऱ्याने वा आवाजाने अभिनय करत नव्हत्या. जात्यावर ओवी म्हणणारी बाई सासुरवासाचे दुःख सांगताना जशी हुंदका काढत नाही, दळण चालू ठेवते, तसेच हे गाणे होते.

हे महत्त्वाचे का, ते त्या काळाच्या संदर्भात कळते. ब्रिटनमधल्या पुनरुज्जीवनाच्या दुसऱ्या लाटेवर युअन मॅकॉल यांचा दरारा होता. ते नाटकातून आलेले. आपल्या ‘क्रिटिक्स ग्रुप’मध्ये ते तरुण गायकांना स्टानिस्लावस्कीच्या अभिनयपद्धतीचे धडे देत. गाण्यातल्या पात्राच्या भूमिकेत शिरा, मग गा, अशी ही शिकवण. तिच्यातून जोरकस गाणी निघाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॉलिन्स नेमक्या उलट दिशेला होत्या. सरळ लागलेला, कंप नसलेला स्वर, ससेक्सचे उच्चार न लपवता म्हटलेले शब्द, आणि कडव्यागणिक न बदलणारी भावपातळी. गायकाने गाणे आणि श्रोता यांच्या मध्ये येऊ नये, हे त्यांचे सूत्र.

यावर पहिला आक्षेप असा की हा साधेपणा म्हणजे कोरडेपणा. भावना नको, चढउतार नको, मग उरते काय? आक्षेप वजनदार आहे. केवळ आवाज ऐकून कॉलिन्स यांना बाजूला सारणारे जाणते श्रोते आजही भेटतात. पण अर्थ लावण्याचे काम त्यांनी टाळले नव्हते, ते त्यांनी आवाजाकडून काढून साथीकडे सोपवले होते. 1964 साली डेव्ही ग्रॅहम यांच्याबरोबर केलेल्या संग्रहात गिटारीवर उत्तर आफ्रिकेचे आणि आपल्या रागसंगीताचे संस्कार आहेत. गिटार देशोदेशी फिरते आणि आवाज ससेक्समध्येच ठाम उभा असतो. 1969 च्या ‘अँथम्स इन ईडन’साठी थोरली बहीण डॉली यांनी रचलेल्या वाद्यमेळात डेव्हिड मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची जुनी युरोपीय वाद्ये आली. आणि 1971 च्या ‘नो रोझेस’मध्ये तर 25 हून अधिक कलाकार, विजेवरच्या गिटारी आणि ड्रम्स. त्यातले मारिया मार्टिनच्या खुनाचे गीत या सूत्राचा सर्वांत चांगला पुरावा आहे. 1827 साली सफोकमधल्या पोलस्टेड गावी घडलेला हा खून. गाण्यात खुनी स्वतः बोलतो. रॉक संगीताचा गलका उसळतो, मध्येच थांबतो, मागे घरघरणारे एकसुरी वाद्य उरते, आणि या साऱ्या उलथापालथीत गायिकेचा स्वर तसूभर हलत नाही. तो थरथरला असता तर श्रोत्याला कोणाची कीव करायची ते आयते सांगितले गेले असते. इथे ते आपले आपल्याला ठरवावे लागते, आणि म्हणून हे गाणे ऐकताना अंगावर काटा येतो.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. सेसिल शार्प यांनी 1903 साली सॉमरसेटमध्ये एका माळ्याचे गाणे टिपले, तिथून इंग्लंडमधल्या संकलनाला वेग आला. पण संकलकांनी आपल्या आवडीचे निवडले, अश्लील वाटले ते सौम्य केले, गिरण्या आणि खाणींकडे फारसे पाहिले नाही. 1985 साली डेव्ह हार्कर यांनी ‘फेकसाँग’ या पुस्तकात याच आधारावर ‘लोकगीत’ ही कल्पनाच मध्यमवर्गाने घडवल्याचा आरोप केला. मग कॉलिन्स ज्या परंपरेआड उभ्या राहतात ती खरी किती? आरोपाचा बराचसा भाग मान्य करावा लागतो. ‘अँथम्स इन ईडन’ या गीतमालिकेचे नावदेखील हरवलेल्या नंदनवनाची हळहळ सुचवते. मात्र त्या गीतमालिकेच्या मध्यभागी पहिले महायुद्ध आहे. ज्या गावांतून ही गाणी आली त्यांचे तरुण त्या युद्धात गेले आणि त्यांच्याबरोबर एक जगणे संपले, हे ती सांगते. हे स्मरणरंजन नव्हे. आणि घरातच गाणी ऐकून वाढलेल्या कामकऱ्यांच्या मुलीला मध्यमवर्गीय हौशी संकलकांच्या पंक्तीला बसवणे हा तर सरळ अन्याय आहे.

‘लोडस्टार’ लुइसमधल्या त्यांच्या घरीच ध्वनिमुद्रित झाला. आवाज आता खाली उतरला आहे, खरखरीत आहे, वरचे स्वर गेले आहेत. सुरुवातीचे गीत 1580 च्या लंडनच्या भूकंपानंतर रचलेले, पश्चात्तापाला बोलावणारे. देखण्या आवाजावर उभी असलेली गायकी अशा वेळी कोसळते. कॉलिन्स यांची टिकली, कारण ती मुळातच आवाजाच्या देखणेपणावर उभी नव्हती. म्हणून या पुनरागमनाकडे केवळ चमत्कार म्हणून पाहणे मला पटत नाही. त्यात 1959 पासूनची भूमिका कसाला लागली आणि उतरली.

आजच्या इंग्लिश लोकसंगीतात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण वारसा म्हणून बहुधा त्यांचा सूरच उचलला जातो. श्वासाने भरलेला, तुटेल की काय असा वाटणारा आवाज हा साधेपणा समजला जातो, वास्तविक तो हुंदक्याचाच नवा प्रकार आहे. कॉलिन्स यांचा स्वर कधीच नाजूक नव्हता. त्यांची पद्धत पुढे नेणारे कदाचित त्यांच्यासारखे मुळीच वाटणार नाहीत. सॅम ली यांनी भटक्या समाजातल्या वृद्ध गायकांकडे बसून गाणी शिकली आणि 2012 च्या आपल्या पहिल्या संग्रहात त्या गाण्यांभोवती अगदी वेगळी वाद्ये उभी केली. अँजेलिन मॉरिसन यांना संकलकांच्या दप्तरात ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांचे जगणे सापडेना, म्हणून 2022 च्या ‘द सॉरो साँग्ज’मध्ये त्यांनी त्या जगण्याची गाणी पारंपरिक घाटात स्वतः रचली. हार्कर यांच्या आरोपाला इतके नेमके उत्तर कोणत्याही प्रबंधाने दिलेले नाही.