पदराआडचा उजेड

हुबळी-धारवाडकडच्या एखाद्या ख्रिस्ती आजींचे जलरंगातले व्यक्तिचित्र समोर असेल, तर आपण चेहऱ्याआधी त्यांच्या डोक्यावरून आलेला पांढरा पदर पाहू. जाणत्या हाताने तो बहुधा रंगवलेलाच नसतो. भोवती निळसर करडी छाया सोडून मधला कागद तेवढा कोरा राखलेला असतो. तैलरंगात शुभ्रता शेवटी चढवता येते. इथे मात्र ती पहिल्या फटकाऱ्याआधी मनाशी ठरवून अखेरपर्यंत जपावी लागते. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पाहिलेल्या रसिकांना ठाऊक आहे, की पाण्यात विरघळलेला रंग दिव्याचे तेज किती हळुवारपणे धरून ठेवतो.

पदराखालून आपण कपाळावर उतरू. गेरूचा पातळ थर वाळला, त्यावर तांबूस, त्यावर किंचित जांभळट छटा आली, तरी तळाची प्रत्येक छटा वरच्या छटेतून श्वास घेत राहते. सत्तर-ऐंशी वर्षांचे ऊन, वियोग आणि तृप्ती एकाच त्वचेत एकत्र नांदावीत, तशी. सुरकुती नुसत्या रेषेने ओढली, तर ती कोरडी पडते. पण रंगाची एक कड तीक्ष्ण ठेवून दुसरी ओल्या कुंचल्याने विरवली, की त्याच सुरकुतीचा अलगद गाल होतो, आणि वार्धक्यातले मार्दव आपल्या नजरेला भिडते.

आणि मग ते हात, प्रार्थनेच्या पुस्तकावर विसावलेले. त्या प्रार्थनेची मुळे जुनी आहेत. ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या बासेल मिशनचे काम धारवाडात 1837 मध्ये आणि हुबळीत 1839 मध्ये सुरू झाले. दूरदेशीचा धर्म इथल्या कन्नड बोलीत, इथल्या साडीचोळीत पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेला. म्हणून त्या बोटांवरच्या निळसर शिरांत आपल्याला एका बाईचे कष्ट दिसतात आणि तिच्या आजी-पणजीची उपासनाही जाणवते.

हा मुरलेपणा जलरंगात ओळखला तो आंजेलो द फोन्सेका यांनी. गोव्यात जन्मलेले, बंगाली चित्रपरंपरेत शिकलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दीर्घकाळ रमलेले हे चित्रकार 1967 मध्ये निवर्तले. त्यांनी मेरीला साडी नेसवली आणि दिव्यत्वाला आपल्या अंगणातल्या बाईचा चेहरा दिला. रविवारच्या उपासनेहून परतणाऱ्या आजींचे चित्र काढणारा त्याच वाटेने उलट्या दिशेने चालतो. ओळखीच्या चेहऱ्यापासून निघून तो त्यातल्या पावित्र्यापाशी पोहोचतो.

फोन्सेकांची कितीतरी चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. हुबळीकर रसिकाला गोवा काही दूर नाही. एकदा सवडीने जाऊन ती डोळे भरून पाहावीत.