‘नर्व्हस’ : धाकधूक की हिरमोड?

परीक्षेच्या आदल्या रात्री बीबीतला मुलगा म्हणतो, ‘लय टेन्शन हाये.’ निकाल लागतो, मार्क कमी पडतात, तेव्हा त्याची आई शेजारणीला सांगते, ‘पोरगं कालपासून नर्व्हस दिसून राह्यलं.’ शब्दकोशाप्रमाणे हे उलटे झाले. इंग्रजीत ‘नर्व्हस’ असायचे ते पेपरच्या आधी. निकालानंतर उरते ती निराशा.

इंग्रजीचे शिक्षक याला चूक म्हणतात. मला ते पटत नाही. एक तर हा अर्थ एकट्या लोणार तालुक्याचा नाही, पुण्या-मुंबईतही तो सर्रास चालतो. दुसरे, खुद्द इंग्रजीत या शब्दाने किती कोलांट्या खाल्ल्या ते पाहा. मूळ लॅटिन शब्द स्नायूच्या दोरीचा, धनुष्याच्या प्रत्यंचेचाही. डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ बळकट, जोमदार असा आहे. दुबळ्या मज्जातंतूंचा हा अर्थ त्याने शेवटी दिला, तोही वैद्यांची बोली म्हणून, नाक मुरडत! आजचा ‘शुद्ध’ अर्थ त्याच नाक मुरडलेल्या अर्थाचा वंशज आहे.

मराठीत काय घडले असावे? पुढच्या गोष्टीची धास्ती ‘टेन्शन’ने बळकावली. त्याआधीही धाकधूक, पोटात गोळा, ‘भेव’ हे शब्द होतेच. ‘नर्व्हस’ला जागा उरली ती घडून गेल्यानंतरची: हिरमुसणे, मन खट्टू होणे. क्रिकेटच्या समालोचनातले ‘नर्व्हस नाइंटीज’ तेवढे मूळ अर्थाला चिकटून राहिले. सचिन तेंडुलकर कसोटीत 10 वेळा नव्वदीत बाद झाला. त्यातली शंभरीआधीची घालमेल इंग्रजी ‘नर्व्हस’. बाद होऊन परतताना आपले तोंड उतरले, ते मराठी.

हा फरक केवळ कोशकारांपुरता नाही. सोयाबीनचा भाव पडलेल्या एका वर्षी ओळखीतल्या एका मुलाने वडिलांना शहरातल्या दवाखान्यात नेले. ‘बाबा दोन महिन्यांपासून नर्व्हस हायेत,’ एवढेच तो बोलला. परप्रांतातून आलेल्या डॉक्टरांनी विचारले, भीती कशाची वाटते? म्हातारा म्हणाला, ‘भेव कायचं? भेव नाही वाटत.’ ते खरेच होते. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. जेवण सुटले का, बोलणे बंद झाले का, जगणे नको वाटते का, हे प्रश्न विचारायचे राहून गेले.