निकालानंतरचं कोरं पान

मराठी माणसाला कोर्टाचं नाट्य नवं नाही. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली फिरत्या रंगमंचावर आलं आणि लखोबा लोखंडे घरोघरी पोचला. पण लखोबा धडधडीत खोटं बोलतोय, हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. 'मी नव्हेच' म्हणणाऱ्या आरोपीला हसायची सवय आपल्याला बहुधा तिथेच लागली. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस खरोखरच 'तो' नसेल तर काय, हे आपल्या रहस्यकथेला अजून नीट उमगलेलं नाही.

वकील-नायकाच्या कादंबऱ्या आपल्याकडे कमी नाहीत. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास तर लाडकाच. या पठडीत निरपराध अशिलाला वाचवते ती धारदार उलटतपासणी. वाचायला झकास, पण खऱ्या खटल्यांत न्याय असा तडकाफडकी मिळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या २००३च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने २०१९ साली सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधल्या भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि या ओळखीची नोंद असलेले कागद आधी कोर्टापुढे आलेच नव्हते. यात खलनायक कोण? एक दडलेला कागद. थरारकथेला याहून काय हवं?

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या चित्रपटाने (२०१४) ही नस पकडली. सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. दुष्ट कुणीच नाही, तरी आरोपी शाहीर खटल्यात अडकलेलाच. माझ्या मते या विषयावरची मराठीतली ही सर्वांत प्रामाणिक कलाकृती. पण तुरुंग त्यातही जवळपास पडद्याबाहेरच राहतो.

तुरुंगातले दिवस सापडतात ते आठवणींच्या पुस्तकांत. अशाच एका पुस्तकाचे लेखक अरुण फरेरा २०११ साली नागपूर कारागृहातून सुटले आणि दारातच, घरच्यांच्या डोळ्यांदेखत, साध्या वेशातल्या पोलिसांनी त्यांना पुन्हा उचललं. मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५ साली निर्दोष सुटलेल्या वाहिद शेख यांनी 'बेगुनाह कैदी' लिहिलं. तुरुंग महाराष्ट्रातले, पण यांतलं एकही पुस्तक मुळात मराठीत लिहिलेलं नाही. ग्रिशॅमच्या इंग्रजी कोर्ट-थरारकथांचे अनुवाद मात्र आपण आवडीने वाचतो.

कच्च्या कैद्याची तारीख, जाळीपलीकडची मुलाखत, संध्याकाळची बंदी, सुटल्यावर गावात तोंड दाखवण्याची पंचाईत : हे सगळं आपल्या थरारकथाकारांनी सोडून दिलं आहे. नाशिकच्या त्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. ते निकालपत्र कुणालाही वाचायला मिळतं. नव्या कादंबरीला हात घालण्याआधी लेखकांनी ते एकदा वाचावं.