'कंटेंड' या क्रियापदाचे मराठी पर्याय

इंग्रजी 'कंटेंड' या क्रियापदापुढे आपल्या कोशांत भांडणे, झगडणे, झुंजणे, स्पर्धा करणे, वाद घालणे अशी पर्यायांची रांग सामान्यतः आढळते. यांपैकी एकही शब्द चुकीचा नाही. परंतु कोणता केव्हा घ्यावा, हे रांग सांगत नाही. ते वाक्यरचनेवरून ठरते. क्रियापदापुढे 'विथ' आले की झुंज किंवा तोंड देणे. 'फॉर' आले की चढाओढ. आणि 'दॅट'ने सुरू होणारे गौण वाक्य आले की भांडणाचा मागमूसही उरत नाही, तेथे केवळ ठाम प्रतिपादन असते.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ताणणे. संस्कृत 'तन्' आणि हा धातू एकाच इंडो-युरोपीय मूळापासून आलेले होत. तिन्ही अर्थांच्या जवळ जाणारा मराठी प्रयोग शोधू लागल्यास 'ताणून धरणे' हाच हाती लागतो, आणि वरच्या रांगेत तो नाही!

'भांडणे' या शब्दाचा प्रवास तर उलट दिशेने झाला आहे. बखरींत 'किल्ला भांडवणे' म्हणजे शत्रूशी लढून किल्ला राखणे. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी जे घडले, त्यास बखरकार निःशंकपणे भांडण म्हणाला असता. आज तसे म्हटले तर हसू येईल. युक्तिवादाच्या शब्दांचीही हीच गत. 'हुज्जत' म्हणजे अरबीत प्रमाण. मराठीत पोहोचेपर्यंत तिचे रिकामे भांडण झाले. 'तकरार' म्हणजे अरबीत पुनरावृत्ती, उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणे. जालना १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते व तेथील न्यायव्यवहार उर्दूत चाले; त्यामुळे या भागात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ऐकू येतात. न्यायशास्त्राने तत्त्वबोधासाठी केलेला 'वाद' आणि विजयासाठी केलेला 'जल्प' यांत भेद केला होता. मराठीने 'जल्प' टाकून दिला आणि त्याचा सारा दोष 'वादा'च्या माथी मारला.

हा केवळ कोशाचा प्रश्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' ही यांत्रिक भाषांतराची व्यवस्था सुरू केली. तीत मराठीचाही समावेश आहे. निकालपत्रांत 'दॅट'सह येणारे 'कंटेंड' पानोपानी भेटते. समजा, जमीन वडिलोपार्जित असल्याचे अपीलकर्ता 'कंटेंड' करतो. भाषांतरकाराने 'अपीलकर्ता भांडतो' असे लिहिले, तर त्याची कायदेशीर भूमिका आकांडतांडव ठरते. 'अपीलकर्त्याने दाखवून दिले' असे लिहिले, तर न्यायालयाने अद्याप न स्वीकारलेली गोष्ट सिद्ध झाल्यासारखी होते. ही दुसरी चूक अधिक घातक, कारण ती वाचताना खटकत नाही. आणि निकाल मराठीतूनच समजून घेणारा शेतकरी त्या एका शब्दावर पुढील खर्चाचा विचार करतो.

अनेकांस 'प्रतिपादन करतो' हा पर्याय सुरक्षित वाटतो. तो सदोष नाही; पण त्याला व्याख्यानपीठाचा वास आहे, आणि समोर विरोधी पक्ष उभा आहे ही जाणीव त्यात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे आपले साधे नाम 'म्हणणे' अधिक उपयोगाचे: 'अपीलकर्त्याचे म्हणणे असे की'. कोणाचे तरी म्हणणे आहे म्हटले, की दुसऱ्याचेही असणार हे मराठी कानास आपोआप कळते, आणि खरेखोटेपणा खुला राहतो. गंमत अशी की महाराष्ट्रातील न्यायालयांत इंग्रजी बोलणारे वकीलही 'से' दाखल करतात. इंग्रजांच्या देशातील वकिलास हा प्रयोग बुचकळ्यात पाडील. त्यावर आपल्या 'म्हणण्या'ची छाया उघड दिसते.