एकाच दाराशी आलेले दोन परके

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सिनेमातला आडदांड, गुरगुरणारा राक्षस. मीही कित्येक वर्षं तेवढंच धरून बसले होते. फ्रँकेन्स्टाईन हे नाव त्याचं नाहीच, त्याला घडवून टाकून देणाऱ्या तरुणाचं आहे, हे पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. त्या बिचाऱ्याला कादंबरीभर नावच नाही. आणि १८१८ साली ती पहिल्यांदा छापली गेली तेव्हा पुस्तकावर लेखिकेचंही नाव नव्हतं!

मला सगळ्यांत जास्त टोचलं ते या कादंबरीतलं एक गरीब घर. आंधळे वडील, मुलगा फेलिक्स, मुलगी आगाथा. मूळची खाऊनपिऊन सुखी माणसं. पण पॅरिसमध्ये एका तुर्की व्यापाऱ्यावर अन्याय झाला, तो फेलिक्सला बघवला नाही. त्याला तुरुंगातून सोडवलं, त्यापायी घरदार गेलं, देश सुटला. म्हणजे परक्यासाठी सर्वस्व घालवलेली ही माणसं.

त्यांच्या घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो, वाटेवरचं बर्फ काढतो. पुढे त्या व्यापाऱ्याची मुलगी सफी येते. तिला यांची भाषा येत नाही, तरी घर तिला पोटाशी धरतं. फेलिक्स तिला शिकवायला बसतो, आणि भिंतीपलीकडे हाही तेच धडे गिरवतो. गुरू एक, पाठ एक. आणि हा तर तिच्याहून लवकर शिकतो.

मग एक दिवस म्हातारे एकटे असताना तो धीर करून आत जातो. ते त्याचं बोलणं ऐकून घेतात, धीर देतात. तेवढ्यात मुलं येतात. आगाथा मूर्च्छित पडते, सफी पळते, आणि तोच फेलिक्स काठीनं त्याला झोडपतो. हा मनात आणता तर फेलिक्सच्या चिंध्या करता. पण हात उचलत नाही.

बघा, तोवर त्यानं कुणाचंही वाईट केलेलं नव्हतं. पुढे तो खून करतो, आणि लेखिका त्याला पाठीशी घालत नाही. पण सफीला तिनं देखणी केली ते उगाच नाही, असं मला वाटतं. फेलिक्सला परक्यांचा तिटकारा नव्हता. त्याचा चांगुलपणा डोळ्यांपाशी अडला, एवढंच. वाचताना आपण त्या आंधळ्या म्हाताऱ्यांच्या जागी असतो: रूप दिसत नाही, नुसतं बोलणं ऐकू येतं, म्हणून जीव कळवळतो. १९३१च्या सिनेमानं त्याची वाचाच काढून घेतली, आणि आपल्याला पुन्हा फेलिक्सच्या रांगेत नेऊन बसवलं.

त्या रांगेत मी आधीच होते म्हणा. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. शिकलेली, धीट मुलगी. विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होती. परतताना गाडीत ‘रंगानं जरा डावीच आहे’ हे पहिलं वाक्य कुणाचं? माझंच. ती काय काय बोलली ते आज आठवायला बसले, तर एक शब्द आठवत नाही. साडीचा रंग मात्र लख्ख आठवतो.